अण्णांच्या लढाईतली मेंढरं

माझ्या मिसळणाच्या डब्यात मधल्या वाटीत मसाला नाही, एक लाकडी फासा आहे. नेवाशाला लेकीकडे राहायला आले तेव्हा तो माझ्याबरोबर आला. रविवारी दुपारी भिंगारहून फोन यायचा. पलीकडून गंधे अण्णा म्हणायचे, "बाई, हवामान?" मी ओट्याखालची परात ओढायची, त्यात फासा टाकायची आणि जे पडेल ते हळूच सांगायची. "धूळ." पलीकडून कुणीतरी कपाळावर हात मारल्याचा आवाज यायचा आणि फोन बंद व्हायचा. जावई दारातून बघत असायचा. सासूबाई मटक्याचा आकडा देतात असं त्याला बरेच दिवस वाटत होतं. मी लाजून त्याला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी त्याला मटकाच बरा वाटला असता.

आता अण्णा नाहीत आणि फोनही येत नाही. चौथीत शाळा सुटल्यापासून मी सामानाच्या यादीपलीकडे काही लिहिलेलं नाही. हे कुणाला दाखवायचं नाही म्हणून लिहवतंय.

अण्णा लष्कराच्या भांडारात नागरी कारकून होते. एका खिडकीत बसायचं, टँकचे सुटे भाग द्यायचे आणि मोडके परत घ्यायचे, यात त्यांची सगळी नोकरी गेली. टँकमध्ये ते कधी बसले नाहीत. एका साहेबांनी एकदा आग्रह केला, "या गंधे, आत बसून बघा." अण्णा म्हणाले, "नको साहेब. त्यातलं काय काय तुटतं ते मला माहीत आहे."

अंगाने बारीक, उंच. मे महिन्यातही गळ्यात मफलर. उकडत नाही का विचारलं तर म्हणायचे, "उकडतं. पण धूळ त्याहून वाईट." खिशात पेनाच्या जागी शिंप्याची टेप. घराबाहेर पडण्याआधी मफलरचं टोक हवेत धरून वारा बघायचे, मग दूध आणायला निघायचे. कुणी घाई केली की एकच म्हणायचे, "आधी जागा बघा, जागा." रिक्षात बसताना, पाटावर बसताना, आणि एकदा तर दवाखान्यात डॉक्टरांनी पलंगावर झोपा म्हटलं तेव्हाही.

मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला आणि झाडूपोछ्याला लागले तेव्हा वहिनी जाऊन वर्ष झालं नव्हतं. वहिनी गेल्यावर अण्णांनी बोलणंच सोडलं होतं म्हणे. खुर्चीत बसून राहायचे. मुलगा मिलिंददादा पुण्याला कंपनीत आहे, तो न्यायला आला होता. अण्णा नको म्हणायचे, तेही मान हलवून. त्याच सुमारास मिलिंददादाने आपल्या मुलासाठी आणलेला एक परदेशी खेळ भिंगारच्या घरी येऊन पडला. पोराला त्याचा कंटाळा आला होता. खोक्यात काडेपेटीएवढे टँक, घेवड्याच्या दाण्याएवढे सैनिक आणि एक जाड इंग्रजी पुस्तक. टेबलावर दोन सैन्यं मांडायची, टेपने मोजून पुढे सरकवायची, समोरचा तोफेच्या पल्ल्यात आला की फासा टाकून गोळा मारायचा. ज्याचे टँक उरतील तो जिंकला.

अण्णांनी ते पुस्तक शब्दकोश घेऊन वाचून काढलं आणि एका सकाळी स्वतःहून पुण्याला फोन लावला.

"मिलिंद, तोफ आहे, पल्ला आहे, चिलखत आहे. ह्या खेळात जमीनच नाही."

वडील बोलले याचाच मिलिंददादाला इतका आनंद झाला की तो म्हणाला, "मग तुम्ही घाला की जमीन, बाबा."

हे त्याने म्हणायला नको होतं.

बाहेरच्या खोलीतलं सोफ्याचं सामान गच्चीवर गेलं, एक दिवाण तेवढा उरला. मधोमध प्लायवूडचा मोठा तक्ता आला. त्यावर अण्णांनी आमच्या जिल्ह्यातली जमीन करायला घेतली. माळरान, ओढा, विहिरी, बाभळी, उसाचा फड. फडासाठी खराट्याच्या काड्या लागल्या. जसजसा ऊस वाढत गेला तसतसा माझा खराटा बारीक झाला. गोळ्या अडवायचा पोत्यांचा मोर्चा रव्याच्या इवल्याशा पुरचुंड्या बांधून केला, तो दुसऱ्याच दिवशी मुंग्यांनी उचलून नेला. मी वाईट वाटून बघत राहिले. अण्णांनी मात्र खुर्ची ओढली आणि मुंग्या कोणत्या वाटेने जातात ते टेपने मोजलं.

"हे पुस्तकात नव्हतं," ते म्हणाले. त्यांना एवढं खूश मी पहिल्यांदाच बघत होते.

खेळायला समोर माणूस हवा. तो मिळाला सुभेदार शेळक्यांच्या रूपात. हे तिसगावचे, शेतकरी घरातले, सारी नोकरी रणगाड्यात काढलेले. भिंगारला कॅन्टीनच्या दारात दोघांची ओळख निघाली. सुभेदारांना त्यांच्या टँकच्या प्रत्येक भागावरची सही आठवत होती, ती अण्णांची. ते दर रविवारी मोटारसायकलवर घाट उतरून यायचे, पोहे खायचे आणि खेळायचे. आवाज मोठा, कान तोफांनी गेलेले.

मिलिंददादाने हे पाहिलं आणि अट घातली. "बाबा, तुमच्याकडे रविवारी माणूस येतंय तोवर राहा इथे. ज्या दिवशी ते येणं थांबेल त्या दिवशी मी गाडी घेऊन येईन. मग डोकं हलवायचं नाही."

"मान्य," अण्णा म्हणाले. "नियम म्हणजे नियम."

म्हणजे त्यांचं घर, वहिनींची तुळस, ती खिडकी, दारापुढचा कडुलिंब, हे सगळं एका सुभेदाराच्या येण्यावर टिकलं होतं. आणि त्याच सुभेदाराला अण्णा दर रविवारी छळत होते.

मी ह्या खेळात कशी आले ते सांगते. खेळ सुरू होऊन थोडेच रविवार झाले होते, तेव्हा एकदा मी तक्त्यावर बोटभर धूळ बघितली. घरात कामाची बाई, पहिल्यांदा दिसणार ती धूळ. मी फडकं घेऊन सगळं लख्ख पुसलं. टँक एका कोपऱ्यात नीट मांडले, देवघरात मांडतो तसे, मोठे मागे, लहान पुढे, दोन्हीकडचे एकत्र. अण्णा दूध घेऊन आले आणि दारातच थांबले.

"बाई, ती धूळ मी मैद्याच्या चाळणीने चाळून घातली होती."

मी फडकं पाठीमागे लपवलं. तेवढ्यात सुभेदार आले. त्यांनी कोपऱ्यात शेजारी शेजारी बसलेली दोन्ही सैन्यं बघितली.

"तह झाला का काय, अण्णा?"

"नाही," अण्णा म्हणाले. ते माझ्याकडे बघत होते. "वादळ आलं होतं. कुणाचीही बाजू न घेता आलं आणि सगळ्यांना उचलून कोपऱ्यात ठेवून गेलं. सुभेदार, आपल्याला हेच हवं होतं. फासा मी टाकला तर तुम्हाला संशय, तुम्ही टाकला तर मला. ज्याला लढाईशी काही देणंघेणं नाही असं माणूस पाहिजे. मंगलबाई, आजपासून तुम्ही हवामान."

मी नको म्हणायला तोंड उघडलं, पण मी पुटपुटले ते सुभेदारांना ऐकू गेलं नाही आणि अण्णांनी ते होकारात धरलं.

सागाच्या तुकड्याचा फासा अण्णांनी स्वतः घासून केला. सहा बाजूंवर बारीक ब्रशने सहा शब्द रंगवले. धूळ, ऊन, चिखल, मेंढरं, बिबट्या, साफ. प्रत्येक चालीआधी मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून तो परातीत टाकायचा आणि सांगायचं. समोर येऊन बोलायची मला लाज वाटायची, म्हणून उंबरा.

"मेंढरं," मी म्हणायची.

"काय पडलं?" सुभेदार ओरडायचे.

"मेंढरं."

"अगं ताई, जरा दमानं बोल की! एवढं लाजरं हवामान मी उभ्या जन्मात बघितलं न्हाई!"

"हवामान हळूच बोलतं, सुभेदार," अण्णा म्हणायचे. "तुम्ही ऐकायची सवय करा."

धूळ पडली की टँकचे फिल्टर चोंदायचे. नवा फिल्टर हवा तर भांडारातून मागवायचा आणि मागणी तीन प्रतींत द्यायची. सुभेदार खरंच चिठ्ठ्या लिहीत बसायचे. "अण्णा, लढाईच्या मैदानात पावती?" अण्णा शांतपणे म्हणायचे, "पावतीशिवाय फिल्टर मिळाला असं एक तरी युद्ध दाखवा." ऊन पडलं की सैनिक निम्म्याने सरकायचे. हे ठरवण्याआधी अण्णांनी चैत्रात सगळे सैनिक गच्चीवर नेऊन उन्हात उभे केले होते. संध्याकाळी बघितलं तर प्लास्टिक मऊ होऊन सगळे कंबरेत वाकलेले, जणू पाया पडत होते. पुढे ते तसेच राहिले. आमच्या लढाईत दोन्ही सैन्यं एकमेकांना वाकून नमस्कार करत चालून जायची.

चिखलासाठी सुभेदारांकडून तिसगावची काळी माती गोणीभर आणवली. तक्त्याच्या एका भागात ओतून पाणी घातलं. सुभेदारांचा सगळ्यात मोठा टँक त्यात गेला. नियमाप्रमाणे ओढायला दुसरा टँक आला, तोही गेला. तेवढ्यात अण्णांना दम लागला म्हणून डाव थांबवला, आणि पुढच्या रविवारी बघितलं तर माती वाळून वीट झालेली. दुसरा कसाबसा निघाला. पहिला निघेना. स्क्रू ड्रायव्हरने खरवडलं तर प्लाय उकलायला लागलं. मग तो तसाच ठेवला. मातीच्या ढेकळातून तेवढी तोफेची नळी बाहेर. दर रविवारी आल्या आल्या सुभेदार चप्पल काढायच्या आत विचारायचे, "निघाला का?" आणि अण्णा म्हणायचे, "प्रयत्न चालू आहेत."

मेंढरं पडली की वाट बंद, कळप जाईपर्यंत एक चाल थांबायचं; बिबट्याचं पुढे सांगते. राहिलं साफ. साफ पडलं की मगच गोळा मारायला मोकळीक. पण अण्णांचा नियम असा की एकदा साफ पडून चालत नाही, लागोपाठ तीनदा पडलं पाहिजे. "नगर जिल्ह्यात एकदा आभाळ साफ दिसलं म्हणून विश्वास ठेवणारा माणूस बघितलाय का कधी?" आणि गोळा किती लांब जातो ते मोजायला वेगळी लाल रंगाची काठी होती. टेप चालीसाठी, गोळ्याला काठीच. ती काठी तक्त्याशेजारी भिंतीला टेकून उभी असायची. मी तिच्यावरचं कोळ्याचं जाळं शनिवारी काढायची, कारण रविवारी तिला कुणी हात लावत नसे. इतके रविवार गेले, आमच्या लढाईत एकही गोळा उडाला नाही.

मग तो बिबट्याचा रविवार आला.

सुभेदारांनी त्या दिवशी कमाल केली होती. ओढ्याच्या कडेने, उसाच्या फडातून, एक टँक त्यांनी अण्णांच्या मुख्य छावणीच्या अगदी तोंडाशी आणला होता. आधीच्या दोन चालींना साफ पडलं होतं. सुभेदार उभे राहिले. लाल काठीकडे त्यांचा हात गेला. मी फासा टाकला.

"बिबट्या," मी म्हणाले, आणि नेमकं तेवढंच सुभेदारांना पहिल्या झटक्यात ऐकू गेलं.

"उसातला टँक तीन चाली थांबेल," अण्णा म्हणाले.

"का म्हून?"

"फडात बिबट्या आहे."

"अण्णा, त्यो टँक हाय! लोखंड हाय ते! बिबट्या काय चावनार हाय त्याला?"

"टँकला काही करणार नाही. पण आतल्या माणसाला लघवीला उतरायचं असतं. तो उतरणार नाही. मग त्याचं नेम धरण्यात लक्ष लागेल का, तुम्हीच सांगा."

सुभेदारांचा चेहरा कुंकवासारखा झाला. "अख्खी नोकरी टँकमधी काढली मी! बिबट्यामुळं थांबा, असा हुकूम एकदा बी आला न्हाई! तुमच्याकडं लढाई न्हाई अण्णा, तहसील कचेरी हाय. धूळ हाय, थांबा. मेंढरं हायेत, थांबा. पावती आना, थांबा. माझा मोठा टँक तिथं मातीत पुरलाय, त्याचं वर्षश्राद्ध घालायची येळ आली! एक गोळा, अण्णा, एक गोळा मारू दिला असता तर काय बिघडलं असतं?"

"फासा मी टाकला नाही," अण्णा म्हणाले.

सुभेदारांनी टोपी घातली. उंबऱ्याशी माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, तुझ्यावर राग न्हाई. पोहे चांगले हुते." आणि अण्णांना म्हणाले, "मी येनार न्हाई आता."

पुढच्या रविवारी ते खरंच आले नाहीत. मी सवयीने दोघांचे पोहे केले होते. अण्णा तक्त्याशी बसले, समोरची खुर्ची रिकामी. "बाई, हवामान?" मी फासा टाकला, ऊन पडलं, आणि अण्णा दोन्ही सैन्यांच्या वतीने एकटेच थांबून राहिले. संध्याकाळी पुण्याहून फोन आला.

"सुभेदारकाका आले होते?"

अण्णांना खोटं बोलता येत नसे. भांडारात ज्याच्या हिशेबात माल कमी तो भरून देणार, अशा जागी माणसाची खोट्याची सवयच जाते. "नाही," ते म्हणाले. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. बोलणं हळूहळू कमी झालं. मफलरचं टोक हवेत धरायचे, वारा बघायचे आणि दूध न आणताच परत येऊन बसायचे.

मी एवढी भित्री, पण मला राहवेना. भांडी घासता घासता पाठमोरीच म्हणाले, "अण्णा, बिबट्या काढून टाका ना फाशावरून. तिथं दुसरं काहीतरी लिहा. सुभेदार येतील."

"मी काढीन हो," अण्णा म्हणाले. "पण तो जाईल का?"

मग थोड्या वेळाने त्यांनी आपणहून सांगितलं. इतकं सलग ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. "माझ्या खिडकीत मोडके भाग परत यायचे ना, बाई. मी नवा लागलो तेव्हा वाटायचं, आता गोळी लागलेला भाग येईल. वाट बघायचो. कधीच आला नाही. यायचे ते धुळीने खाल्लेले, उन्हाने तडकलेले, चिखलाने गंजलेले. मी सगळ्यांवर सही केली. आता बिबट्या काढला की धूळही काढावी लागेल, मग मेंढरं. मग राहतो तो गुळगुळीत तक्ता. त्यावर मी कोणाशी काय खेळू?"

मी पातेलं पुन्हा घासलं.

तिसऱ्या रविवारी मिलिंददादा गाडी घेऊन आला. चांगला मुलगा आहे, त्याचं चुकत नव्हतं. आत आला, रिकामी खुर्ची बघितली, म्हणाला, "बाबा, ठरलं होतं आपलं."

"ठरलं होतं," अण्णा म्हणाले आणि उठले. हुज्जत नाही, काही नाही. कपड्यांची पिशवी भरली. टँक एकेक करून खोक्यात घालायला लागले. मातीतला तेवढा राहिला, खोकं गाडीत गेलं. तुळशीला पाणी घातलं, मला म्हणाले, "रोज घाला हो." मी मान हलवली. पिशवी घेऊन दारापर्यंत आले, मफलरचं टोक हवेत धरलं आणि वळले.

"बाई, हवामान?"

मिलिंददादा म्हणाला, "बाबा, चला ना."

"निघण्याआधी हवामान बघायचं असतं. खोकं गाडीत आहे, म्हणजे सैन्य चालीवर आहे."

मी परात ओढली. फासा परातीच्या कडेला आपटून थांबला.

"मेंढरं."

"काय?" मिलिंददादा म्हणाला.

मग मी जन्मात पहिल्यांदा एका परक्या पुरुषासमोर मोठ्याने बोलले. "मेंढरं आली! वाट बंद आहे!"

अण्णा पिशवी मांडीवर घेऊन दिवाणावर बसले. "एक चाल थांबावं लागेल."

मिलिंददादाने बापाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग बाहेर रस्त्याकडे. तिथे एक कुत्रं तेवढं झोपलं होतं. "एक चाल म्हणजे किती वेळ?"

"चहा होईपर्यंत," अण्णा म्हणाले.

मी चहा केला. तो पिऊन झाल्यावर पुन्हा फासा टाकला. पुन्हा मेंढरं. अण्णांनी खांदे उडवले. "मोठा कळप आहे." मी पोहे टाकले. पोहे झाले, फासा टाकला.

"चिखल."

"बाबा, बाहेर ऊन पेटलंय!" मिलिंददादा ओरडला. "टेबलावरचं हवामान माझ्या गाडीला कसं लागू होतं?"

"लागू होत नाही असं कुठे लिहिलंय?" अण्णांनी विचारलं, आणि त्यांना ते खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. सुभेदार उतरले. गुडघ्यापर्यंत काळा चिखल, त्याच्यावर धूळ, टोपीचा रंग ओळखू येत नव्हता. ते चप्पल न काढताच आत आले आणि त्यांनी अण्णांकडे बोट रोखलं.

"तुमचा नियम साफ चुकीचा हाय!"

अण्णांचा चेहरा पडला. "कोणता?"

"मेंढरं! एका चालीत जात न्हाईत! सकाळपास्नं ऐका माझं. उसाला पानी सोडलं हुतं. ट्रॅक्टर घातला, तर गडी म्हनतो फडाच्या कडंला बिबट्याचं पाऊल दिसतंय. झालं! ड्रायव्हर खाली उतरंना. मी म्हनलं, उतर, नांगर अडकलाय, त्यो म्हनतो, सुभेदार, मी हितंच बरा हाय. दुपार व्हायला आली, त्याला लघवीला लागली, पाय हालवतोय नुसता, पन उतरंना! लक्ष म्हनून न्हाई त्याचं! ट्रॅक्टर घातला सरळ चिखलात. ओढायला भावकीतला दुसरा ट्रॅक्टर आनला, त्यो बी गेला! दोन्ही तिथंच हायेत. मला काय आठवलं आसंल सांगा. तसाच गाडीला किक मारली न् निघालो, म्हनलं अण्णांना सांगावं. तर घाटात मेंढरं! तीन चाली गेल्या, अण्णा, तीन! आन् कुत्रं? कुत्रं कुठं धरलंय तुमी? मेंढरामागं कुत्रं असतंय. ते गाडीच्या मागं लागतंय!"

अण्णांनी मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली आणि खिशातून टेप काढली.

"कुत्र्याचा पल्ला किती होता?"

"वडाच्या झाडापास्नं पुलापर्यंत."

"म्हणजे दोन चाली. कुत्रा टँकच्या मागे लागेल का?"

"लागंल की! त्याला काय कळतंय टँक हाय म्हनून?"

दोघे तक्त्यावर वाकले. सुभेदारांनी चिखलाचा हात मातीतल्या टँकशेजारी टेकवला आणि विचारलं, "निघाला का?" अण्णा म्हणाले, "प्रयत्न चालू आहेत."

मिलिंददादा बाहेर गेला, गाडीतून खोकं काढून आणलं आणि तक्त्याखाली ठेवलं. जाताना वडिलांच्या पाया पडला. अण्णांनी नीट बघितलंही नाही, ते कुत्र्यात गुंतले होते. अंधारायच्या सुमारास त्याचा फोन आला, कुठेतरी वाटेत ट्रक आडवा झाला होता आणि गाड्यांची रांग लागली होती. "बाबा, मंगलताईंना विचारा," तो म्हणाला, "हे ट्रक किती चाली असतात."

त्यानंतर सुभेदारांनी एकही रविवार चुकवला नाही. भांडणं मात्र वाढली, कारण आता सुभेदारही नियम घालू लागले. वरात त्यांनी आणली, उसाची बैलगाडी त्यांनी आणली. एकदा तर सगळं युद्ध एका वरातीमागे अडकून संध्याकाळपर्यंत वाट बघत उभं राहिलं, आणि दोघांपैकी कुणालाच त्याचं वाईट वाटलं नाही. अण्णा शेवटपर्यंत भिंगारलाच राहिले. गेले तेही आपल्याच दिवाणावर, दुपारच्या झोपेत. मिलिंददादाने फोनवर सांगितलं तेव्हा मी विचारलं, "हवा कशी होती?" आणि त्याने चिडल्याशिवाय सांगितलं, "धूळ होती, ताई. खूप."

पण मी अण्णांना शेवटचं बघितलं ते त्याच्या आधी, नेवाशाला यायला निघाले त्या रविवारी. लेकीचं बाळंतपण जवळ आलं होतं. माझी पिशवी दाराशी भरून ठेवली होती. अण्णा म्हणाले, "फासा तुमच्याकडेच राहू दे. हवामान बदलून चालत नाही, मी फोन करीन. आता निघण्याआधी आजचं तेवढं सांगा."

मी उंबऱ्यात बसले. टाकला. साफ. सुभेदारांनी एक चाल केली. पुन्हा टाकला. साफ. सुभेदार खुर्चीतून अर्धे उठले. मी तिसऱ्यांदा टाकला, फासा परातभर फिरला आणि थांबला.

"साफ," मी म्हणाले. आणि तेही मोठ्याने.

धूळ नाही, चिखल नाही, मेंढरं नाहीत, बिबट्या नाही. सुभेदारांचा टँक आणि अण्णांची छावणी समोरासमोर, मध्ये काही नाही.

"काठी!" सुभेदार म्हणाले. त्यांचा आवाज फुटला होता. "अण्णा, काठी कुठं हाय? लाल काठी!"

"असेल इथेच कुठेतरी," अण्णा म्हणाले.

"साफ किती येळ टिकतं?"

"एक चाल. फार तर चहा होईपर्यंत."

सुभेदार खोलीभर फिरायला लागले. दारामागे बघितलं, पडदा झटकला, खुर्चीवर चढून कपाटावर हात फिरवला. "च्यायला, इतकी वर्षं हितंच हुती!"

मी पिशवी उचलली. एस.टी.ची वेळ झाली होती. फासा पदरात बांधला, चपला घातल्या, अंगणात आले आणि सवयीने खिडकीतून एकदा आत बघितलं. सुभेदार पाठमोरे, खुर्चीवर चढलेले, डोकं कपाटावरच्या धुळीत. अण्णा खुर्चीत ताठ बसलेले, मफलर नीट, हात मांडीवर. फक्त त्यांचा एक पाय हलत होता. चप्पल काढून, अंगठ्याने, अगदी हळूहळू, आवाज न करता, ते ती लाल काठी दिवाणाखाली ढकलत होते.

त्यांनी मान वर केली आणि मला खिडकीत बघितलं. पाय थांबला नाही.

"निघा बाई," ते म्हणाले, "वाट मोकळी आहे."